मुन्सफाची ट्रंक कुठे जमा करायची? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार,

माझे आजोबा न्यायाधीश होते. उच्च न्यायालयाचे नव्हे, तालुक्याचे. १९३८ साली मुंबई इलाख्याच्या न्यायखात्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून लागले आणि १९६३ साली निवृत्त झाले. सरकारी कागदावर सबॉर्डिनेट जज्ज, गावाच्या तोंडी मुन्सफसाहेब. बागलकोट, बोरसद, अमळनेर, वेंगुर्ले, बार्शी अशा त्यांच्या बदल्या झाल्या. यातलं पहिलं गाव आज कर्नाटकात आहे, दुसरं गुजरातेत. तेव्हा सगळा एकच इलाखा होता आणि आजीचा संसार त्यातून फिरत होता.

त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या वाड्याच्या माडीवर आहे. वाडा मार्गशीर्षात पाडायचा ठरला आहे. ट्रंकेतल्या कागदांचं आणि फोटोंचं काय करायचं, हे गेले सात महिने मी विचारत फिरते आहे. आता आपल्याला विचारते.

आत काय आहे ते आधी सांगते. न्यायालयाची मूळ कागदपत्रं त्यात नाहीत. आजोबा त्या बाबतीत फार कडक होते. आहेत ती घरची पत्रं, रोजच्या खर्चाच्या वह्या, त्यांची टिपणं, शंभराच्या आसपास फोटो आणि बदलीच्या याद्या. दर बदलीला आजोबा सामानाची यादी करत. पहिल्या यादीच्या तळाशी ‘एकूण डाग ११’, म्हणजे सामानाचे अकरा नग, असं आहे, शेवटच्या यादीत ‘एकूण डाग ४७’. सगळ्या याद्यांत स्वयंपाकाच्या भांड्यांपेक्षा बॉम्बे लॉ रिपोर्टरची, म्हणजे छापील निकालांच्या अंकांची, खोकी जास्त. वेंगुर्ल्याला बोटीने जावं लागे, म्हणून त्या यादीला एक रकाना वाढवलेला आहे, ‘भिजले’. त्यात दोन खोकी आणि आजीची गादी.

बागलकोटची एक पातळ वही आहे. आजोबांना कानडी येत नव्हतं आणि पुढ्यात उभा राहणारा साक्षीदार कानडीच बोलणार. म्हणून तिशीतला हा माणूस रात्री कंदिलाशी बसून मुळाक्षरं गिरवत होता. पहिल्या चार पानांवर अक्षरं आहेत, पाचव्या पानापासून शब्द. होल म्हणजे शेत. बावी म्हणजे विहीर. सोसे म्हणजे सून. साल म्हणजे कर्ज. आपलं मराठी ‘साल’ मनातून जात नसावं, कारण या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आहे. भाषा शिकणारा एरवी आधी पाणी, जेवण, रस्ता विचारतो. या वहीतले पहिले शब्द शेत, विहीर, सून आणि कर्ज आहेत. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात कोणती भांडणं येत, हे या एका पानावरून मला जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशावरून कळलं नाही.

आणि बार्शीचा तो निरोपाचा फोटो. असे फोटो आपण पाहिलेच असतील: पुढे खुर्च्यांवर साहेब आणि ज्येष्ठ वकील, मागे उभे नाझर, शिरस्तेदार, कारकून, खाली पांढऱ्या शाईत ‘बसलेले, डावीकडून’. दोन्ही टोकांना पट्टेवाले आणि बेलिफ उभे असतात आणि नावांची रांग त्यांच्यापर्यंत येण्याआधीच संपते. या फोटोतही तसंच आहे. पण तो उलटा केला की मागे शिसपेन्सिलीने आजोबांच्या अक्षरात त्या पाचही जणांची नावं, गावं आणि नोकरीला लागल्याची वर्षं लिहिलेली आहेत. ती नावं मी इथे देत नाही. त्यांच्या नातवंडांना विचारल्याशिवाय देणं बरं नव्हे.

मंत्रिमहोदय, ही ट्रंक घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. तिथल्या बाईंनी आपुलकीने सगळं पाहिलं, चहा दिला आणि शेवटी म्हणाल्या, “हे सरकारी नाही ना, मग मी आवक कशात दाखवू?” त्यांचा काही दोष नाही, त्यांच्याकडे तसं रजिस्टरच नव्हतं. एका ग्रंथालयाने छापील असेल तर द्या म्हणून सांगितलं. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक गृहस्थ फोटो तेवढे घ्यायला तयार होते आणि पैसेही चांगले देत होते. पत्रं आणि वह्या मात्र नकोत. मी नाही म्हटलं. बार्शीचा फोटो कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत बसला की त्याची मागची बाजू कायमची भिंतीकडे.

हे कागद सरकारी नाहीत हे खरंच आहे. पण सरकारी कागदांचं काय होतं तेही आपण जाणता. १९१७ च्या कायद्याने न्यायालयांच्या जुन्या कागदांची नियमानुसार विल्हेवाट लावण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला, आणि त्याला कारणही आहे; प्रत्येक दाव्याचा प्रत्येक कागद ठेवायचा तर तालुक्याला गोदामं बांधावी लागतील. मोठे निकाल लॉ रिपोर्टात छापले जातात. तालुक्यातल्या बांधाच्या, वाटणीच्या, पोटगीच्या दाव्याचा कागद मुदत संपली की जातो. मग त्या कोर्टात काय वातावरण होतं, माणसं कशी बोलत, न्यायाधीश कोणत्या घरात राहत, कुणाशी बोलायचं टाळत, हे उरतं फक्त अशा ट्रंकांत. १८७९ साली धुळ्याला बदली झाल्यावर न्यायमूर्ती रानड्यांचं टपाल फोडून पाहिलं जाई, हे आपल्याला माहीत आहे ते त्यांच्या पत्नी रमाबाईंनी घरातल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून. रानड्यांसारखं नाव नसलेल्या शेकडो मुन्सफांच्या घरी रमाबाईंसारखं लिहिणारं कुणी नव्हतं. त्यांच्या मागे खर्चाची वही राहिली, पोस्टकार्डं राहिली.

आणि तीही किती राहिली? गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातले वाडे जळले, १९६१ ला पानशेतचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं, चिपळूण, सांगली, कोल्हापूरचे पूर तर आपण सर्वांनी पाहिले. वाळवी आणि कसर यांना पूर लागत नाही. आमच्या घरी आजी दर दिवाळीआधी ट्रंक उन्हात उघडून वेखंडाचे तुकडे बदलायची, म्हणून हे एवढं वाचलं. आता राहिलेल्या वाड्यांचा पुनर्विकास सुरू आहे, आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. पुराची बातमी तरी होते. माडीवरची ट्रंक किलोच्या भावाने रद्दीत जाते ती कुणाला कळतही नाही.

आपल्या खात्याचं पुराभिलेख संचालनालय १८२१ पासूनचा वारसा सांगतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्यात पेशवे दप्तरात, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला त्याची कार्यालयं आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माड्यांवरून आणि फडताळांतून दप्तरं काढली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं हाती आली. तीही खासगी घरांतलीच होती. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात राष्ट्रीय अभिलेखागाराला खासगी व्यक्तीकडून महत्त्वाचे कागद देणगीदाखल किंवा विकत घेण्याची स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे खासगी म्हणून नको, असं म्हणायचं कारण नाही.

माझी मागणी इमारतीची नाही. प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या जागी, कागद ओळखणारा एक माणूस बसवा. त्याच्याकडे असे घरगुती कागद घेण्याचं रजिस्टर असू द्या आणि देणाऱ्याला पोच मिळू द्या. फोटो आणि पत्रं वेगळी करू नयेत, ज्या घरातून आली त्या घराच्या नावाने एकत्रच ठेवावीत. स्कॅन करून एक प्रत कुटुंबाला परत द्यावी. एक गोष्ट मात्र नियमातच लिहा: न्यायाधीशाच्या टिपणांत दुसऱ्यांच्या घरची भांडणं असतात, पोटगी मागणाऱ्या बायकांची नावं असतात. तसे कागद ठरावीक वर्षं बंद ठेवता आले पाहिजेत. ही खात्री नाही म्हणून कितीतरी घरांनी आजवर ते स्वतःच जाळून टाकले असतील, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ती टिपणं वाचताना माझाही हात थांबला होता.

वाडा रिकामा करायला अजून सहा आठवडे आहेत. तेवढ्यात कुणाला पाठवलंत तर ट्रंक मी स्वतः खाली उतरवून देईन. आतल्या सगळ्या वस्तूंची यादी आजोबांच्याच पद्धतीने करून सोबत जोडली आहे. एकूण नग १८६. ‘भिजले’ हा रकाना मीही ठेवला आहे. अजून तो कोरा आहे.

आपली,
एका मुन्सफाची नात