डिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर माझ्या पुतणीने आपला चार वर्षांपूर्वीचा लॅपटॉप कोरा करून त्यावर ‘विंडोज ११’ टाकण्यासाठी एका दुकानात दिला. इन्स्टॉलेशन सुरू झाले. परंतु विंडोज कोठे टाकायचे हे विचारणाऱ्या पडद्यावरील यादी रिकामीच निघाली आणि ‘एसएसडी गेली, नवी टाकावी लागेल’ असा निर्वाळा दुकानदाराने देऊन टाकला. आदल्या रात्रीपर्यंत जिच्यावर काम सुरळीत चालू होते ती डिस्क नेमकी दुकानात येऊनच कशी गेली, हा साधा प्रश्न त्याला पडला नाही.

लॅपटॉप घरी आणून पाहिला, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ प्रणालीत) डिस्कचे नाव आणि क्षमता दोन्ही दिसत होती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत एनव्हीएमई (वेगवान जोडणीची एसएसडी) डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकाच्या आड असते. पेनड्राइव्हवरून सुरू होणारा इन्स्टॉलर म्हणजे स्वतःच एक छोटी विंडोज असते, आणि तिच्यापाशी त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्राम) नसेल, तर पलीकडची डिस्क धडधाकट असूनही तिच्या लेखी ती नसतेच. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या नियंत्रकाचा ‘रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ नावाचा ड्रायव्हर उतरवून, तो उलगडून (ही पायरी बरेच जण गाळतात, नुसती सेटअपची फाइल चालत नाही, आतली ‘आयएनएफ’ फाइल लागते) त्याच पेनड्राइव्हवर ठेवला आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवून दिला, तेव्हा यादीत डिस्क हजर झाली. ‘विंडोज एक्सपी’च्या काळी याच कामासाठी एफ-६ दाबून फ्लॉपी घालावी लागे, म्हणजे दुखणे जुनेच आहे.

बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे हा दुसरा उपाय. मात्र डिस्कवरची आधीची विंडोज राखायची असेल, तर तो घाईने करू नये. ती मग सहसा निळ्या पडद्यावर अडकते, आणि बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, जी बहुतेकांनी कधी पाहिलेलीही नसते. डिस्क बायोसमध्येही दिसत नसेल, तर मात्र ती खाचेत नीट बसली आहे का आणि ती खाच साटा या जुन्या जोडणीची आहे की एनव्हीएमईची, हे तपासावे. खराबीची शंका त्यानंतरची.

दुरुस्ती करणाऱ्यांनी डिस्क निकामी ठरवण्यापूर्वी ग्राहकाला बायोसचा पडदा दाखवावा, आणि लॅपटॉप कंपन्यांनी खोक्यातल्या माहितीपत्रकात या ड्रायव्हरविषयी दोन ओळी छापाव्यात, एवढीच विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा