गाणे बदलले असेल, तर पडद्यावर तसे लिहा

महोदय,

ठाण्यात चित्रपटगृहात पाहिलेला मराठी चित्रपट काही महिन्यांनी घरी लावावा आणि त्यातल्या दृश्यात टपरीवरच्या रेडिओवर वाजणारे ओळखीचे गाणे जाऊन तिथे भलतीच धून ऐकू यावी, ही तक्रार वाढते आहे. प्रेक्षक ओटीटीला दोष देतात. खरे कारण बहुतेक वेळा निर्मात्याने केलेल्या करारात असते.

जुने गाणे वापरायला दोन परवाने लागतात : एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. नव्या गायकाकडून गाऊन घेतले तर फक्त दुसरा वाचतो. परवान्यात माध्यम, प्रदेश आणि मुदत लिहिलेली असते. पैसे कमी म्हणून निर्माता फक्त चित्रपटगृहापुरता परवाना घेतो. पुढे ओटीटीवाले जगभराचे हक्क मागतात, तेव्हा संकलन पक्के झालेले असते. निर्माता अडला आहे हे हक्कधारकाला कळते आणि भाव चढतो. कॉपीराइट कायदा, १९५७ सांगतो की करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरावा. म्हणजे दुबईतल्या मराठी माणसाला तो चित्रपट दाखवताना परवाना अपुरा पडतो.

‘ध्वनिमुद्रणाला साठ वर्षे झाली, आता गाणे मोकळे’ हा गैरसमज तर फारच महागात पडतो. मोकळे होते ते फक्त ध्वनिमुद्रण. शब्दांचे हक्क गीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या गीतांचे हक्क २०३७ अखेरपर्यंत आहेत. चालीचा हिशेब संगीतकाराच्या निधनावरून वेगळा.

गाणे काढणेही सोपे नसते. संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवले असतील तर फक्त संगीत बदलता येते. सगळे आवाज एकत्र केलेले नुसते अंतिम मिश्रण हाती असेल तर गाण्याबरोबर संवाद, पावले, भांड्यांचा आवाज सगळेच जाते. मग पुन्हा डबिंग करावे लागते आणि प्रसंग पोकळ वाटू लागतो. दृश्यांचे कट गाण्याच्या ठेक्यावर मारलेले असतील तर नवी धून त्याच लयीची, त्याच लांबीची हवी. पात्र गाणे गुणगुणत असेल तर ओठ जुळत नाहीत. कोपरीच्या चाळीत किंवा येऊरला चित्रीकरण चालू असताना शेजारच्या मंडपातले गाणे संवादाच्या माइकमध्ये शिरले, तर ते स्वच्छ वेगळे करणे जवळपास अशक्य. दृश्यात रेडिओ वाजायचा असेल तर तो चित्रीकरणात बंद ठेवावा, गाणे मिश्रणात घालावे.

निर्मात्यांना विनंती अशी : संकलन पक्के होण्याआधी चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी आणि परदेश या सगळ्यांचा भाव एकाच पत्रात लेखी मागा. सगळे पैसे लगेच देणे जमत नसेल तर पुढच्या माध्यमांचा दर तरी करारात बांधून घ्या. क्यू शीट, म्हणजे चित्रपटात वापरलेल्या संगीताची यादी, मिश्रणाच्या वेळीच भरा : गाणे, गीतकार, संगीतकार, हक्कधारक, किती सेकंद, पार्श्वभूमीला की दृश्यात.

आणि संगीत बदललेच, तर चित्रपटाच्या सुरुवातीला ‘या आवृत्तीतील संगीत चित्रपटगृहातील आवृत्तीपेक्षा वेगळे आहे’ एवढी ओळ दाखवावी. आज प्रेक्षकाला आपली आठवण चुकली की चित्रपट बदलला, हेच कळत नाही. मूळ मिश्रणाची एक प्रतही निर्मात्याने जपून ठेवावी, म्हणजे पुढे हक्क मिळाले तर ते गाणे जागेवर परत आणता येईल.

— ध्वनिमिश्रणाच्या क्षेत्रातील एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)