पाळकांच्या चहातली साखर

नाताळात पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दिवसाला आठ-दहा घरी जातात. प्रत्येक घरी चहा, त्यात दोन चमचे, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम साखर. वर करंजी वेगळी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा असे सुचवते. चौथ्या घरीच ती मर्यादा ओलांडते. नको म्हटले की यजमान रुसतात, म्हणून मंडळीनेच (चर्चच्या सभासदांनीच) बिनसाखरेचा चहा पुढे करावा.

विश्रांतीचेही तसेच. रविवार त्यांचा सर्वात जड दिवस आणि सोमवारी अंत्यविधी आला की सुट्टी गेली. थकलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर दिली, झोपू दिले (बायबल, १ राजे १९). आपण मात्र पाळकांना अहवाल मागतो! कमिटीने सोमवारची सुट्टी ठरावात लिहावी आणि त्या दिवसासाठी शेजारच्या मंडळीचे पाळक आधीच ठरवून ठेवावेत.

चाळिशीनंतर रक्तदाब व उपाशीपोटी साखर वर्षातून एकदा तरी तपासावी. खर्च मंडळीच्या अंदाजपत्रकातून. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना उपास धरला, तर साखर एकदम उतरून उपासना चालवतानाच चक्कर येऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

– एक मंडळी-सदस्य, अहिल्यानगर