कात टाकलेला शिक्का

आदरणीय शिक्केवाले काका,
स. न. वि. वि.

तुमच्या दुकानाचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. घातलं तर उद्यापासून निम्मं कोल्हापूर बिघडलेले शिक्के घेऊन तुमच्या पायरीवर उभं राहील, आणि तुमचा स्वभाव बघता तुम्ही एकालाही परत पाठवणार नाही. मग सोसायट्यांचे आणि दवाखान्यांचे गोल शिक्के करायचे कधी?

आम्हा चौघींचा एक शिक्का होता, पारदर्शक पॉलिमरचा, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा, कोरा करकरीत, मोगऱ्याच्या वेलीचा. पॅडवर दाबला की शाईचे थेंब थेंब व्हायचे, अळूच्या पानावर पाणी उभं राहतं तसे. कागदावर वेल उठायची ती जागोजागी टक्कल पडलेली. तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका दुकानात महागातली शाई गळ्यात मारली. दुसरीकडे कागदच हलका ठरला. तिसरीकडे, म्हणजे जिथं फी घेऊन ही कला शिकवतात तिथं, ‘तुमचा हात सरळ पडत नाही’ असं ऐकवलं. तिघांतल्या एकानंही शिक्का हातात घेऊन उलटा करून बघितला नाही.

तुम्ही बघितलात. ट्यूबलाइटखाली तिरका धरलात, खिशातलं पांढरं खोडरबर काढलंत आणि शिक्क्याच्या तोंडावरून सात-आठ वेळा हलक्या हातानं फिरवलंत. ‘नवा हाय वो. कात टाकली न्हाई अजून.’ बस्, एवढंच बोललात. बिलबुकाच्या मागच्या पानावर मोगरा उठला, देठासकट, कळीसकट. आम्ही पैसे विचारले तर तुम्ही ब्लेड काढून खोडरबराचे दोन तुकडे केलेत. त्यातला मोठा आम्हाला दिलात, धाकटा परत खिशात टाकलात.

हे पत्र त्या मोठ्या तुकड्याबद्दल आहे.

पुढचं सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार. पण पत्र उघडं आहे, आणि घरोघरी पुठ्ठा, रंग आणि शिक्के घेऊन भेटकार्डं, डब्यांची झाकणं, वहीची कव्हरं करणाऱ्या पुष्कळांनी याच कारणानं चांगले शिक्के माळ्यावर टाकलेत. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

पॉलिमरचा शिक्का द्रवापासून होतो. निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश पाडायचा, उजेड लागला तेवढा भाग घट्ट होतो, बाकीचं धुऊन काढायचं. राहतो तो पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो, वर चिकट-तेलकट पापुद्राही असतो. शाई त्याला धरत नाही. खोडरबरानं ती चकाकी मोडते. शिक्का तिरका धरल्यावर चमक जाऊन काचेवर वाफ धरल्यासारखा मंद दिसला की झालं. पॉलिश पेपर वापरायचाच तर अगदी बारीक, 600 नंबरच्या खालचा नको, आणि दोन-तीन वेळाच. जास्त घासलं तर बारीक रेषांच्या कडा गोल होतात आणि मोगऱ्याची जाई होते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर शिक्क्याच्या आसपासही नको. पॉलिमर फुगतं, चिकट होतं आणि ते परत येत नाही. उन्हात ठेवलं तर पिवळं पडून कडक होतं, म्हणून खिडकीतल्या बरणीत सजवून ठेवायची हौस आवरावी.

दुसरी गोष्ट तुम्ही न बोलता केलीत. बिलबुकाखाली कालच्या पेपरची घडी सरकवलीत. चपलेच्या पट्ट्यावर ठसा उठवणाऱ्याला खाली टणक आधार लागतो, कारण तिथं धातू कडक आणि चामडं नरम. रबर आणि कागदाचं बरोबर उलटं. टेबल थोडं जरी उंचसखल असलं तरी मधला भाग कागदाला टेकतच नाही. आठ-दहा पदरांची घडी पुरते. चार इंचांहून मोठ्या शिक्क्याला तर शिक्का उताणा ठेवावा, शाई लावावी, कागद वरून घालावा आणि बोटांनी चोळावा. डोलवायचा नाही. डोलवला की कडेची मोकळी जागाही शाई धरते आणि चित्राभोवती मळकट चौकट येते.

आता रंगाचं. शिक्क्याला अॅक्रेलिक रंग लावता येतो, पण ब्रशनं नव्हे. स्पंजाच्या तुकड्यावर मटाराएवढा रंग घ्यायचा, आधी जुन्या फरशीच्या तुकड्यावर चार वेळा टिपून उतरवायचा आणि मग शिक्क्यावर टिपायचा. शिक्क्यावर रंग दिसायला हवा, साचायला नको. खाचेत साचला की पहिला ठसा चिखल आणि तिसरा त्याहून चिखल. एप्रिल-मेमध्ये अॅक्रेलिक दोन मिनिटांत शिक्क्यावरच वाळायला लागतो, तेव्हा चमचाभर रंगात दोन-तीन थेंब ग्लिसरीन घालावं. त्याहून जास्त घातलं तर ठसा दिवसभर चिकट राहतो. ठसा उठला रे उठला की शिक्का ओल्या फडक्यावर पालथा टाकायचा. अॅक्रेलिकमधलं पाणी उडालं की मागं उरतं ते प्लॅस्टिक, ते पाण्यानं निघत नाही. वाळलाच तर कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशनं घासावा. सुई घालून खाचा कोरत बसू नये. त्यात रंगाआधी रबर निघतं.

सगळ्यात जास्त कामं नासतात ती मात्र थरांच्या क्रमात. ऑफिसची जांभळी शाई घ्या. कागदावर ठसा सुंदर येतो, वाळतोही, म्हणून वरून पातळ फेविकॉलचा हात मारला की सगळं पान जांभळं. ही शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, वाळली तरी पाणी लागताच परत जागी होते. यावर उपाय दोन. एक तर शिक्का सगळ्यात शेवटी मारावा आणि त्यावर ओलं काही लावू नये. नाहीतर ठसा साध्या कागदावर उठवून त्याची झेरॉक्स काढावी आणि ती कापून चिकटवावी. झेरॉक्सचा काळा रंग म्हणजे उष्णतेनं वितळून कागदाला चिकटलेली प्लॅस्टिकमिश्रित पूड, तिला पाण्याची भीती नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या बऱ्याचशा प्रिंट्स मात्र जांभळ्या शाईसारख्याच पसरतात. आजीच्या हातचं पत्र वगैरे चिकटवायचं असेल तर झेरॉक्सच चिकटवा, मूळ पत्र पेटीत राहू दे. वर्तमानपत्राची कात्रणंही तशीच. तो कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, मग वर कितीही वार्निश मारा. आणि बिलांची गुळगुळीत चिठोरी, एटीएमची पावती, असलं काही चिकटवाल तर हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं यंत्र, दाखवू नका. तो उष्णतेनं छापणारा कागद, एका झटक्यात काळा होतो.

हीट गनवरून आठवलं. एम्बॉसिंग पावडर, म्हणजे ओल्या ठशावर भुरभुरून वितळवली की ठसा उठावदार करणारी पूड, हेअर ड्रायरनं वितळवा असं सर्रास सांगतात. ड्रायर ती पावडर वितळवत नाही, उडवतो. केर काढायची तयारी असेल तर जरूर करून बघा.

पुठ्ठ्याची तयारी बहुतेक जण टाळतात, आणि मग पुठ्ठा पापडासारखा वाकला की रंगाला नावं ठेवतात. घरचा अस्तर-रंग असा: दोन भाग खडूची पूड, एक भाग फेविकॉल, एक भाग पांढरा अॅक्रेलिक. पूड आधी थोड्या पाण्यात कालवून पिठल्यासारखी करायची आणि मग फेविकॉल घालायचं. उलट केलं तर गुठळ्या होतात आणि त्या कशानंही मोडत नाहीत. जुन्या ओढणीतून गाळून घ्या. दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर पातळ दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. आणि मागच्या बाजूलाही एक हात. एकाच बाजूला ओल लागली की त्या बाजूचे तंतू फुगतात, वाळताना वरचा थर आकसतो आणि पुठ्ठा त्या अंगाला ओढला जातो. दोन्ही अंगांना सारखी ओढ असली की सरळ राहतो.

आपल्याकडच्या पावसाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की वाळण्याचे सगळे आकडे दुप्पट धरायचे. हाताला कोरडा लागणारा अॅक्रेलिक आतून ओलाच असतो. राखीपौर्णिमेची कार्डं त्या दिवसांत एकावर एक ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की जी चिकटतात, ती सोडवताना एकाचा मोर दुसऱ्याच्या पाठीवर जातो. मध्ये बटर पेपर घालायचा, आणि प्लॅस्टिक नकोच, खाकी पाकीट बरं. वर मेण घासलं तरी चिकटणं थांबतं, पण मग त्यावर पुन्हा रंग धरत नाही, म्हणून ते अगदी शेवटी.

काका, आपल्या गावाला कलापूर म्हणतात. इथं चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींचं आडनाव मागं पडून ‘पेंटर’च नाव झालं. राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंची पावडर शेडिंगची चित्रं अजून भिंतीवर आहेत, बोटानं पूड चोळून काढलेली. असल्या गावात रंगसामानाची दुकानं पैशाला पासरी. पण ‘शाई का धरत नाही’ या प्रश्नाला ‘ही दुसरी शाई घ्या’ हेच उत्तर मिळतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. बहुतेकांना ठाऊकच नसतं, आणि ‘ठाऊक नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या हाताला दोष देणं सोपं. तुम्हाला ठाऊक होतं. ते विकायचा सरळ मार्गही होता, नवा शिक्का करून देतो म्हणाला असता तर आम्ही मुकाट दिला असता पैसा. पण पत्ता विचारला तर गाडी वळवून चौकापर्यंत सोडायला येणारी माणसं या गावात अजून आहेत, त्यातले तुम्ही. अशा माणसांचं कुणी कौतुक केलं तर ती उलट अवघडतात आणि ‘चहा घेणार काय’ म्हणून विषय बदलतात. तुम्हीही तेच केलंत. चहा फक्कड होता.

तुमच्या तुकड्याचा निम्मा भाग शिक्के घासण्यात संपला. उरलेल्यातून एक शिक्का कोरलाय, तो या पत्राबरोबर पाठवतोय. अक्षरं उलटी कोरायची म्हणून डोकं खाजवायला लागत नाही. बटर पेपरवर 6बी पेन्सिलीनं सुलटं लिहायचं, कागद खोडरबरावर पालथा घालायचा आणि पाठीवरून नखानं चोळायचं. अक्षर आपोआप उलटं उतरतं. मराठी अक्षरांची अडचण वेगळीच आहे. शिरोरेषा बारीक ठेवली तर दाबाखाली वाकते, म्हणून ती दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवली. ‘क’च्या पोटातली पोकळी रंगानं बुजते, म्हणून ती आहे त्याहून मोठी कोरली. ब्लेड बाहेरच्या बाजूला तिरकं धरलं, म्हणजे रेषेचं बूड रुंद राहतं. सरळ किंवा आतल्या बाजूला कापलं की रेष वरून ठीक दिसते आणि विसाव्या ठशाला तुटून पडते.

शिक्क्यावर ‘काका’ एवढंच आहे. पहिल्या ‘का’चा काना जरा वर राहिलाय, दुसऱ्याच्या मानानं केसभर, तो आम्हाला उमजला तोवर कापून झालं होतं. बिलबुकावर मारून बघा. खाली पेपरची घडी घ्या, आणि पहिला ठसा फिका आला तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. धाकटा तुकडा अजून खिशात असेलच.

आपल्या नम्र,
राजारामपुरीतल्या चौघी