सूत त्यांचं, माग आमचे

सुगिनामी, तोक्यो
रविवार रात्र

ती. दादास,
शि. सा. न.

परवा फोनवर चिनूनं विचारलं, "आत्या, तुमच्या कार्टूनचे पुढचे भाग कधी?" मी "बघू" म्हणून विषय बदलला. खरं उत्तर त्याच्यापेक्षा तुला कळेल, कारण तू खर्चीवाला आहेस, व्यापाऱ्याचं सूत घेऊन आपल्या मागांवर ठरल्या मजुरीत कापड विणून देणारा.

आमचा स्टुडिओही खर्चीवालाच. मालिकेत पैसा प्रकाशक, वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणीवाले, जाहिरातवाले अशा पाच-सात जणांची समिती घालते आणि हक्कही तिचेच. आम्हाला ठरलेली मजुरी. समितीत वाटा नसेल तर मालिका जगभर गाजली तरी आमच्या गल्ल्यात एक येन जास्त पडत नाही. खर्च वाढला, तर मात्र तो आमचा.

आणि तुमच्याकडे जशी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी मोजतात, तशी मोजून मजुरी इथंही आहे. दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरणाऱ्यांना दर चित्रामागे पैसे मिळतात, साधारण २०० येन, म्हणजे शंभराच्या वर थोडे रुपये. गुरुवारी रात्री दीड वाजता मी गाडी घेऊन अशाच एका मुलीकडे पाकिटं आणायला गेले. (माझी नोकरी म्हणजे निम्मी हीच हमाली.) प्रत्येक कटचं, म्हणजे दृश्याच्या एका तुकड्याचं, एक पाकीट, एका भागाला अशी तीनशेच्या घरात. तिच्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. एका पाकिटात सतरा कागद होते. वाऱ्यावर नायिकेचे लांब केस उडताहेत, एवढंच. त्यात तिचा अख्खा दिवस गेला होता. डोळ्यांच्या साध्या उघडझापीला जो भाव, तोच या केसांना. म्हणून हल्ली एखाद्या नायिकेला लांब केस दिलेले दिसले, की मला आधी तिचा नाही, तर ते काढणाऱ्यांचा विचार येतो.

दुखणं जुनं आहे. चित्रकथाकार ओसामू तेझुकांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही कार्टून मालिका १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर सुरू झाली, तीच मुळी खर्चापेक्षा कमी भावात विकून. सेकंदाला २४ चित्रांऐवजी आठावर भागवायचं आणि उरलेली तूट पात्राचं चित्र वस्तूंवर छापायच्या हक्कांतून भरायची, असा हिशेब. प्रायोजक चॉकलेटवाले होते. भाव एकदा पाडला की चढवताना काय होतं ते तुला सांगायला नको. तेझुकांनी काढलेली, ही मालिका बनवणारी कंपनी १९७३ मध्ये बुडाली.

आमच्या जवळच्या कामीइगुसा स्टेशनबाहेर एका रोबोचा ब्राँझचा पुतळा आहे, गंडामचा. त्याची मालिका एप्रिल १९७९ मध्ये आली. ५२ भाग ठरले होते, पण प्रायोजकाची खेळणी खपेनात, म्हणून ४३ वर गुंडाळली. आईच्या मालिका टीआरपीवर बंद होतात, ही दुकानातल्या मालावर झाली! मग १९८० मध्ये बंदाई या दुसऱ्या कंपनीनं घरी जोडायची मॉडेलं काढली, छोटं ३०० येनला, आणि त्यावर पोरं तुटून पडली. त्या मॉडेलांच्या जिवावर गंडामच्या नवनव्या मालिका अजून निघताहेत. पहिली खेळणी काढणारी कंपनी मात्र १९८३ मध्ये बुडाली. चिनूचा डोरेमॉनही टीव्ही असाहीवर एप्रिल १९७९ मध्ये, गंडामच्याच आठवड्यात सुरू झाला होता. २००५ मध्ये नवे आवाज घेऊन नव्यानं मांडला, पण चालूच आहे. दप्तरं, डबे, दरवर्षी एक सिनेमा. त्याला कोण बंद करतो?

आमचे बारा भाग संपले. पूर्वी डीव्हीडी किती खपल्या यावर पुढचं ठरायचं, आता परदेशातले ओटीटीवाले किती मोजतात ते बघतात. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथं आमच्यातलं कुणी बसत नाही.

तुमच्या मजुरीवाढीचं काय झालं? व्यापारी बैठकीला आले का, की पुन्हा पुढची तारीख? सविस्तर लिही. आईला गुडघ्याचा पट्टा पाठवला आहे, तो कपाटात ठेवू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी