लाइन गेली की सौरही का जातं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि विदर्भातल्या वाडी-तांड्यांपर्यंत स्लॅबवर पॅनेल दिसू लागले. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, बिल उतरते. योजना चांगलीच आहे. पण वादळात गावची लाइन गेली की भर उन्हातही त्या घरातला पंखा थांबतो आणि "सौर फसवं निघालं" असा बोभाटा होतो. फसवे काही नाही. योजनेत सहसा बसतो तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, आणि तो लाइनीच्या आधारानेच चालतो. लाइन गेल्यावर त्याने स्वतःला बंद करावे असा नियमच आहे, नाहीतर तुमच्या छतावरची वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या हातात उतरेल. दुपारी शेतातले पंप सुरू होऊन दाब १८० व्होल्टच्या आसपास घसरला तरी तो अशीच माघार घेतो. लाइन नसताना घर चालवायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि हे कोटेशन घेण्याआधी ठरवायचे असते. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात. बॅटरीचा खर्च आपला आपणच धरावा.

लोक खरेदी उलटी करतात. आधी पॅनेल, मग मिळेल तो इन्व्हर्टर, उरलेल्या पैशांत बॅटरी. सुरुवात रात्रीपासून करायला हवी. मे महिन्यातली एक रात्र घ्या: ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास, ०.६ युनिट. पंपासह १७० वॅटचा कूलर आठ तास, जवळपास १.४. फ्रिजचे बारा तास अर्धा युनिट. दिवे, टीव्ही, राउटर, मोबाइल मिळून आणखी अर्धा. झाले ३ युनिट. यात इन्व्हर्टरची स्वतःची भूक कोणीच धरत नाही. नुसता चालू राहायला तो ४० वॅट खातो असे धरले तरी बारा तासांत अर्धा युनिट जातो, आणि बॅटरीची वीज घरात आणताना दहा टक्के गळती होते ती वेगळी. म्हणजे बॅटरीतून खरोखर निघायला हवेत पावणेचार-चार युनिट. पंखे जुने, ७५ वॅटचे असतील तर आधी पंखे बदला. बॅटरी वाढवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

आता बॅटरी. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवर, साठ्याचे माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट, ८० टक्के वापरली तर ४.१. वरची रात्र तिच्यात बसते. ट्यूब्युलर, म्हणजे नेहमीची शिसे-आम्लाची, घ्यायची तर १२ व्होल्ट १५० एएचच्या चार लागतात: कागदावर ७.२ युनिट, पण निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून हाती ३.६, वरच्या रात्रीला थोडे कमीच. ट्यूब्युलर घेताना त्यावरचा एएच सी-१० चा (दहा तासांत उतरवून मोजलेला) आहे की सी-२० चा (वीस तासांत) हे वाचा. सी-२० चा आकडा दिसायला मोठा असतो, सौरच्या कामाला सी-१० हवा. लिथियमच्या बीएमएसची, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटची, डिस्चार्ज मर्यादाही विचारा. ती ५० अँपिअर असेल तर बॅटरी अडीच किलोवॅटच्या वर देणारच नाही. मग ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर लावूनही त्याहून जास्त भार पडला की सगळे घर अंधारात.

पाण्याची एक एचपी मोटार बॅटरीवर घेऊच नका. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते. तिला टायमर, फ्लोट स्विच (टाकी भरली की थांबवणारा) आणि कॉन्टॅक्टर (मोटारीचा करंट झेलणारा स्विच) लावून लाइन असताना, अकरा ते तीनच्या उन्हात टाकी भरून घ्या.

पॅनेलचा हिशेब सोपा आहे: १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट, श्रावणातल्या झडीत त्याच्या निम्मे. मात्र मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. कडक उन्हात ३ किलोवॅटचे अडीचच दिसले तर तो बिघाड नव्हे. उलटी गंमत थंडीत होते: गारठ्यात व्होल्टेज वाढते. लहान इन्व्हर्टरची मर्यादा १०० व्होल्ट आणि ४९.५ व्होल्टचे दोन पॅनेल एका ओळीत, म्हणजे ९९, कागदावर बरोबर. डिसेंबरात १० अंशांच्या सकाळी तेच १०३ च्या आसपास जातात आणि इन्व्हर्टरचा चार्जर जळू शकतो. १५ टक्के तरी मोकळे ठेवा.

इन्व्हर्टर आणि बॅटरी टिनाच्या खोलीत ठेवू नका. तिथे पारा ५० च्या घरात गेला की इन्व्हर्टर आपणहून ताकद कमी करतो, आणि लिथियमचा बीएमएस चार्जिंग थांबवतो. "उन्हाळ्यातच बॅटरी भरत नाही" या तक्रारीचे मूळ बहुतेकदा हेच असते. विटा-मातीच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, चारी बाजूंनी फूटभर जागा सोडून बसवा. ट्यूब्युलरच्या डोक्यावर इन्व्हर्टर टांगू नका, आम्लाची वाफ त्याचे सर्किट खाते. अर्थिंग तीन वेगवेगळे हवे: तडितरोधक, पॅनेलचा सांगाडा आणि घरातली एसी बाजू. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या दांड्याला सोडून देते, म्हणून मृगाच्या विजा सुरू होण्याआधी त्या खड्ड्यांत पाणी घाला. पॅनेल-बॅटरीच्या डीसी बाजूला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) चालत नाही; डीसीची ठिणगी आपोआप तुटत नाही, डबा पेटतो. पॅनेल भल्या पहाटे धुवा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी काचेवर पांढरा थर सोडते, तिथे पावसाचे साठवलेले पाणी वापरा.

ऑटोमेशन म्हटले की लोकांना मोबाइलचे अ‍ॅप आठवते. खेड्यात लाइनबरोबर नेटही जाते, म्हणून नेटवर अवलंबून असलेला कोणताही नियम ऐन वेळी कुचकामी. खरे ऑटोमेशन इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये असते आणि ते पाच मिनिटांचे काम आहे. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) असेल तर जास्तीची वीज महावितरणकडे जमा होतेच. बॅटरी रोज उतरवून तिचे आयुष्य कशाला घालवायचे? ती भरलेली ठेवा, फक्त लाइन गेल्यावर चालू द्या. नेट मीटर नसेल तर क्रम आधी सौर, मग बॅटरी, शेवटी लाइन असा लावा, पण बॅटरी किती टक्क्यांवर लाइनीकडे वळायचे हे ऋतूप्रमाणे बदला: लिथियमला हिवाळ्यात ३०, मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ५०; ट्यूब्युलर निम्म्याखाली नेऊच नका. वादळाच्या रात्री निदान पंखे-दिवे त्या राखीव साठ्यावरच चालतात.

बॅटरीचा प्रकार बरोबर निवडला आहे ना हे स्वतः बघा. लिथियम बसवून सेटिंग ट्यूब्युलरचे राहिले तर इक्वलायझेशनचे (ट्यूब्युलरला अधूनमधून द्यायच्या जादा चार्जिंगचे) चढे व्होल्टेज जाते आणि बीएमएस बॅटरी वारंवार बंद करतो. चार्जिंग करंट ट्यूब्युलरला एएचच्या दहावा भाग, १५० ला १५ अँपिअर. १०० एएच लिथियमला २० ते ५०. इन्व्हर्टर आणि बीएमएसमधली डेटा केबल जोडलेली नसेल तर पडद्यावरचे टक्के अंदाजपंचे असतात. आणि लाइनीची व्होल्टेज मर्यादा 'यूपीएस' या अरुंद सेटिंगवर ठेवली असेल तर संध्याकाळी दाब घसरताच इन्व्हर्टर लाइन नाकारून बॅटरी संपवतो. खेड्यात ती मर्यादा रुंद ठेवा.

कोटेशनवर किलोवॅट आणि किंमत एवढेच छापून येते. लाइन नसताना कोणते पॉइंट चालतील आणि रात्री किती युनिट हाती पडतील, या दोन ओळी लिहून दिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. त्या पॉइंटची न्यूट्रल तार बाकीच्या घरापासून वेगळी काढायला लावा. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या न्यूट्रल एकत्र बांधलेल्या असतात, आणि मग एक तर आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) पडत राहतो किंवा इन्व्हर्टर जातो. काम संपल्यावर कारागीर घरातच असताना मेन स्विच पाडा. कूलर, फ्रिज, दिवे एकदम चालवून अर्धा तास थांबा. मग त्याला मेन स्विचच्या घराकडच्या टोकांवर, फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर, मल्टिमीटर लावायला सांगा. तिथे व्होल्टेज दिसले तर तुमची वीज लाइनीत परत जाण्याची वाट उघडी आहे. ते दुरुस्त होईपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवायचा.

आपला,
सौर मांडणीचे काम करणारा एक वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती