उजेडाची सवय

प्रिय नंदू,

तुझं पत्र काल मिळालं. "उन्हानेच अंगावर पुरळ उठतं आणि डॉक्टर म्हणतात प्रकाशच घे," हे वाचलं आणि गेल्या वर्षीचा मीच आठवलो. म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या दुखण्याचं नाव पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन. अतिनील किरणांनी त्वचेतले काही पदार्थ बदलतात. इतरांच्या त्वचेत तेच किरण प्रतिकारशक्तीला जरा शांतही करतात, म्हणून काही होत नाही. आपल्यात ते शांत करणं कमी पडतं. तुझा चेहरा वाचतो आणि हात, गळ्याखालचा भाग पेटतो ना? चेहऱ्याला बारमाही उजेडाची सवय असते. तीच सवय बाकी अंगाला मोजूनमापून लावायची, म्हणजे हा उपचार.

आधी त्वचेच्या लहान चौकोनांवर या किरणांच्या चढत्या मात्रा देतात आणि २४ तासांनी लाली कुठे आली ते बघतात. सुरुवात त्याहून कमी मात्रेने. मला नॅरोबँड यूव्हीबी दिला, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण. आठवड्यातून ३ वेळा, ५ आठवडे. पहिल्या दिवशी डोळ्यांना गॉगल लावून त्या नळ्यांच्या पेटीत उभा राहिलो, छाती धडधडत होती, आणि काही सेकंदांत दार उघडलंसुद्धा!

सहाव्या वेळेनंतर मात्र दंडांवर पुरळ आलं. रात्रभर खाजवत ठरवलं, आता जायचंच नाही. डॉक्टरांनी एक पाळी गाळली, स्टेरॉइडचं मलम दिलं आणि पुढची मात्रा वाढवली नाही. तेवढ्याने निभावलं. तुझंही असं झालं तर घाबरून सोडू नकोस रे.

ल्युपससाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारासाठी, रक्ततपासणी झाली का, ते आधी विचार; तो असेल तर हेच किरण अपाय करतात. चालू असलेली सगळी औषधं सांग, डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी त्वचा उजेडात लवकर भाजते. आणि घरच्या घरी उन्हात बसून हा प्रयोग करू नकोस, तिथे मात्रा मोजायला कुणी नसतं.

यातून दुखणं कायमचं जात नाही. उपचारानंतर थोडं थोडं ऊन घेत राहिलं नाही, तर काही आठवड्यांत सवय मोडते, आणि पुढच्या वर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा सगळं करावं लागतं. तरी गेल्या उन्हाळ्यात मी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून मुलाबरोबर मैदानावर उभा होतो. किती वर्षांनी, तुला माहीत आहे.

चाचणीचा निकाल कळला की लगेच फोन कर.

तुझा,
वसंत